वाट मोडू नका!

दिवाळीच्या सुटीत मुंबईचे चाकरमानी आमच्या मालवणात उतरले, की एक वाक्य हटकून कानी पडते : "तुमचे भाग्य थोर! आमच्या मुंबईत कुठली झाडे नि कुठली पाखरे!" पाहुण्याचे बोलणे खोडू नये, असा आमच्याकडचा रिवाज. सणासुदीला कटू बोलण्याचा दोष पत्करूनही आज मला तो मोडायचा आहे. हे वाक्य साफ खोटे आहे. आणि ते निरुपद्रवी तर मुळीच नाही.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटर पसरलेले आहे. 1860 चा विहार आणि 1879 चा तुळशी हे तलाव त्याच्याच कुशीत, आणि त्यांचे पाणी आजही मुंबईच्या नळाला येते. कान्हेरीला शंभरावर लेणी, कातळात कोरलेल्या पायऱ्या नि पाण्याची टाकी आहेत. सात-आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवी तिथे आहे, वाटाड्याबरोबर चालावी अशी शिलोंड्याची पायवाट आहे. धारावीच्या शेजारी, मिठी नदीच्या काठी, जिथे शहराचा कचरा पडत असे, तिथे आता झाडी आहे. ते महाराष्ट्र निसर्ग उद्यान 1994 साली खुले झाले. एवढे वैभव दाराशी असता माणूस रात्रभर गाडीत अंग आंबवून आमच्या माडांखाली उसासे टाकतो, याला निसर्गप्रेम म्हणावे काय?

2025 साली मलबार हिलवर झाडीतून जाणारी उंच लाकडी वाट बांधली, तेव्हा तिकीट काढून लोक लोटले. चांगलेच झाले. पण ती वाट जेमतेम अर्ध्या किलोमीटरची! शहराची चालण्याची भूक तेवढ्याने भागली असे समजणे म्हणजे नैवेद्याच्या वाटीवर पंगत उठवणे होय.

आमच्या गावांत दोन गडग्यांमधून पाणंद जाते. माणसे तिच्यावरून चालत असतात तोवर तिला हात लावण्याची कुणाची छाती नसते. दाराशी रिक्षा आली की पाणंदीत रान माजते; चार पावसाळे गेले की एके सकाळी गडगा हातभर सरकलेला दिसतो. सर्व्हेच्या कागदावर वाट असते, जमिनीवर नसते. वाट मोडते ती आधी पायांनी सोडली म्हणून.

आरेचे दुसरे काय झाले? ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीच्या अंधारात झाडे तोडायला सुरुवात झाली. तरुण पोरे धावली, पकडली गेली. सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडे आडवी झाली होती. मेट्रो नकोच असे मी म्हणणार नाही; एस्टीची तासन्‌तास वाट पाहणाऱ्याने तसे म्हणूही नये. पण त्या पोरांच्या पाठीशी सारे शहर का उभे राहिले नाही? कारण बहुतेकांची पावले त्या मातीला कधी लागलीच नव्हती. ज्या रानाला कुणी नावाने ओळखत नाही, ते नकाशावर 'मोकळी जागा' म्हणूनच दिसते.

कुणी म्हणेल, सगळेच चालू लागले तर रान तुडवले जाईल, आणि बिबट्याचे काय? रान मोटारींनी नि बाटल्यांनी नासते. आखलेल्या वाटेवरून मुकाट चालणाऱ्याने नव्हे. त्या रानातल्या वारल्यांनी बिबट्याशेजारी पिढ्यान्‌पिढ्या संसार केले, वाघोबाला देव मानले. भीती वाटते ती अनोळखीपणाची.

मी मास्तरकी करतो, म्हणून शाळांनाही सांगणे आहे. सहल म्हणजे बसमध्ये गाणी आणि पाण्याच्या घसरगुंड्या, हे समीकरण पुरे झाले. मुंबईतल्या प्रत्येक पोराला वर्षातून एकदा तुळशीचे रान दाखवा. आपल्या नळातले पाणी कुठून येते ते त्याला पायांनी कळू द्या. गोरेगावला चित्रनगरीलगत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र आहे. झाडांची नावे तिथे विचारा. पालकांनीही एक रविवार द्यावा. त्याला पैसा लागतो तो लोकलच्या नि प्रवेशाच्या तिकिटापुरता.

वाचकहो, मालवणला जरूर या. वडे-सागोती तयार आहे. पण आमच्या हिरवाईचे गोडवे गाऊन आपल्या रानाची जबाबदारी फिटत नाही. मुंबईचाही गडगा सरकतो आहे. तो अडवायला कोर्टकचेऱ्या लागतीलच. पण त्याआधी त्या वाटेवर ताजी पावले उमटलेली दिसली पाहिजेत.