खड्डा सरकारचा, भुर्दंड रयतेचा!

एखाद्याचे गुरू मोकाट सुटून शेजाऱ्याच्या उभ्या भातात शिरले, तर नुकसान कोणी भरावे, याविषयी आमच्या सीमाभागातील कोणत्याही खेड्यात दुमत होत नाही. चार शहाणी माणसे बांधावर जातात, नासाडी डोळ्यांनी पाहतात, आकडा ठरवतात आणि गुराचा धनी तो मुकाट्याने देतो. ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब तेथे चालत नाही. कारण ज्याचे गुरू त्याची जबाबदारी, हा न्याय शिकायला कोणाला विलायतेस जावे लागत नाही. पण त्याच गावाबाहेरच्या सरकारी रस्त्यावरील खड्ड्यात भाजीचा टेम्पो आदळून आक्सल मोडला, रिम वाकली, पाटे तुटले, तर मात्र हा सरळ न्याय एकाएकी मुका होतो. तेथे धनीही सापडत नाही आणि पंचही सापडत नाहीत. खड्डा सरकारचा आणि भुर्दंड रयतेचा, ही रीत आम्हांला मान्य नाही. ती का मान्य नाही आणि ती मोडावी कशी, हे आज आम्ही आमच्या वाचकांपुढे मांडणार आहो.

जोयडा तालुक्यातील माणसाला रस्ता म्हणजे काय, हे नव्याने सांगावयास नको. कारवार जिल्ह्याच्या या विस्तीर्ण आणि विरळ वस्तीच्या मुलखात दोन वाड्यांमध्ये मैलोगणती रान पसरलेले आहे. आजारी माणसाला मोठे इस्पितळ गाठावयाचे तर दांडेली, बेळगाव, कारवार किंवा गोवा. बाजार गाठावयाचा तरी तीच वाट. पावसाळ्याचे चार महिने आभाळ फाटल्यासारखे कोसळते, डांबर उखडते, खडी मोकळी होते, मोऱ्या तुंबतात, आणि डबक्याखाली खड्डा किती खोल आहे हे चाक आत गेल्यावरच कळते. अशा ठिकाणी गाडी मोडली म्हणजे केवळ गॅरेजवाल्याचे बिल होत नाही. ज्याचे पोट त्या गाडीवर आहे त्याची आठवड्याची कमाई बुडते, माल नासतो, कर्जाचा हप्ता थकतो. आणि विम्याचे म्हणाल, तर कायद्याने सक्तीचा असलेला विमा दुसऱ्याच्या नुकसानीपुरता असतो. त्यातून स्वतःच्या मोडलेल्या गाडीसाठी मालकाला दमडीही मिळत नाही.

हे गाऱ्हाणे कायद्याच्या दृष्टीने पोकळ आहे काय? मुळीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी जो निवाडा दिला, तो प्रत्येक वाहनधारकाने ध्यानात ठेवावा असा आहे. या प्रकरणाचा उगम २०१३ साली न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुंबईच्या खड्ड्यांविषयी मुख्य न्यायमूर्तींना लिहिलेल्या पत्रात आहे. त्या पत्रालाच न्यायालयाने जनहित याचिका मानले. चांगला रस्ता हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे याच याचिकेत न्यायालयाने २०१५ साली बजावले. तरीही खड्डे बुजले नाहीत. तेव्हा दहा वर्षांनी न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांनी आकडेच ठरवून दिले. खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये. जखमीला इजेच्या मानाने ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. मागणी केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यावयाचे. न दिल्यास नऊ टक्के व्याज आणि अधिकाऱ्याची व्यक्तिशः जबाबदारी. खड्ड्याची खबर मिळाल्यापासून ४८ तासांत तो बुजवावयाचा. आणि दिलेली रक्कम दोषी अधिकाऱ्यांकडून व कंत्राटदारांकडून वसूल करावयाची. यात दयेची भाषा नाही, हक्काची आहे.

कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानेही या बाबतीत मागे राहण्याचे नाकारले होते. ३१ जुलै २०१९ रोजी तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने, खराब रस्त्यांमुळे हानी सोसणाऱ्या नागरिकांना तेव्हाच्या बृहत् बंगळूरू महानगरपालिकेकडे भरपाई मागता येईल, असा आदेश दिला. म्हणजे न्यायाचे तत्त्व दोन्ही राज्यांत एकच ठरले. मग उणीव कोठे राहिली?

उणीव दोन ठिकाणी राहिली. पहिली अशी की, मुंबईचा निवाडा महाराष्ट्रापुरता आणि बंगळूरूचा आदेश बंगळूरूपुरता. खानापूर-लोंढ्याकडून रामनगरला आणि पुढे अनमोडला जाणाऱ्या रस्त्यावर, किंवा अणशी घाटातून कारवारला उतरणाऱ्या रस्त्यावर जो पडतो, त्याच्यासाठी ना ठरलेला आकडा आहे, ना समिती, ना मुदत. कोल्हापुरातील खड्ड्याला भाव आहे, बंगळूरूच्या खड्ड्याला दाद आहे. जोयड्याच्या खड्ड्याला मात्र दोन्ही नाहीत! हाड मोडण्याची वेदना काय राज्य पाहून आणि शहर पाहून कमी-अधिक होते? दुसरी उणीव अशी की, मुंबईचे आकडे मृत्यू आणि शारीरिक इजा यांसाठी आहेत. माणूस वाचला आणि गाडी मोडली, तर त्या ठराविक भरपाईत त्याला जागा नाही. गरिबाची गाडी ही चैनीची वस्तू नसून त्याचा बैल आहे. तो बैल सरकारी निष्काळजीपणाने लंगडा झाला, तर त्याचे मोल धन्याला मिळालेच पाहिजे.

रस्ता कोणाचा, हा प्रश्न तर आमच्याकडे शुद्ध चेष्टेचा विषय होऊन बसला आहे. राष्ट्रीय महामार्गाचे खाते निराळे, राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे, खेड्यांचे रस्ते पंचायत राज अभियांत्रिकीकडे, आणि रानातल्या वाटा वनखात्याच्या. अर्जदार एका दारातून दुसऱ्या दारात जातो आणि प्रत्येक दारातून बोट शेजाऱ्याकडे दाखवले जाते. वाघांच्या राखीव रानातून जाणारा रस्ता रुंद करू नये, हे आम्ही समजू शकतो. पण असलेल्याच रस्त्यावरील खड्डा बुजवल्याने कोणत्या वाघाचे घर मोडते, हे एकदा कोणीतरी आम्हांला समजावून सांगावे.

‘पैसा कोठून आणावा?’ हे तर सर्व सरकारांचे आवडते पालुपद! पैशाचा मार्ग शंभर वर्षांपूर्वीच एका मराठी माणसाने दाखवून ठेवला आहे. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. रस्त्यांचा भार प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या शक्तीबाहेर गेला आहे, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभारावा, असे त्या समितीने सुचवले. आणि १९२९ सालापासून गॅलनमागे दोन आणे वसूल होऊ लागले. आज तो कर रस्ते व पायाभूत सुविधा उपकर या नावाने प्रत्येक लिटरमागे घेतला जातो. रामनगरच्या पंपावर पेट्रोल भरणारा मजूर मुंबईच्या शेठजीइतकाच उपकर मोजतो. घेताना मुंबई आणि जोयडा असा भेद नाही. मग देताना तो कोठून उपटतो? ज्या तालुक्याने सुप्याच्या धरणासाठी आपले मुख्य ठाणेच काळी नदीच्या पोटात जाऊ दिले आणि दुसऱ्यांच्या घरी वीज पोचवली, त्याने निदान धड रस्ता मागणे हा उद्धटपणा खासच नव्हे.

आणि हे केवळ आक्सल-पाट्यांचे गाऱ्हाणे आहे असेही कोणी समजू नये. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसे दगावली. हा आकडा पाहून, सीमेवर किंवा दहशतवाद्यांकडून मारल्या गेलेल्यांपेक्षा हे बळी बहुधा अधिक असतील, अशा आशयाचे उद्गार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली काढले. आमच्याच डिग्गीच्या डोंगरात उगम पावणारी काळी नदी जेथे समुद्राला मिळते, त्या कोडीबाग-सदाशिवगडचा सुमारे चाळीस वर्षांचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर कोसळला आणि एक ट्रक चालकासह पाण्यात गेला. चालक वाचला, हे त्याचे दैव आणि त्याला वर काढणाऱ्यांचे पुण्य. पण राज्यकारभार दैवावर चालावयाचा असेल, तर खात्यांची आणि अभियंत्यांची आवश्यकताच काय?

सरकारपक्षाचे म्हणणेही आम्ही न्यायबुद्धीने ऐकून घेऊ. ‘असा पायंडा पडला तर भरधाव गाडी हाकणारा प्रत्येक बेपर्वा माणूस तिजोरीवर हात मारील,’ अशी भीती दाखवली जाते. तिला इंग्लंडने केव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे. रस्त्याची देखभाल न केल्याबद्दल तेथील रस्ते-अधिकारी पूर्वी न्यायालयात उत्तरदायी नव्हते. १९६१ च्या कायद्याने ते कवच काढून घेतले. मात्र नियमित पाहणी केली होती आणि वाजवी काळजी घेतली होती, हे सिद्ध करील त्या अधिकाऱ्याला तेथील कायदा संरक्षणही देतो. म्हणजे दंड दुर्दैवाला होत नाही, दुर्लक्षाला होतो. काम करणाऱ्याला भय नाही. झोपा काढणाऱ्याला आहे. यात अन्याय कोणता?

आता आमच्या वाचकांसाठी दोन शब्द. सरकारवर ताशेरे झाडणे सोपे असते. दावा उभा करणे अवघड असते. सरकारचा सर्वांत मोठा बचाव एकच असतो: ‘आम्हांला कोणी कळवलेच नव्हते.’ हा बचाव आधीच मोडून ठेवला पाहिजे. न्यूयॉर्क शहराने १९७९ साली असा कायदा केला की, खड्ड्याची लेखी खबर शहराला आगाऊ मिळाली असेल तरच शहर भरपाईला बांधील राहील. खड्डा पडणार, हाड मोडणार, आणि नागरिक तोंडात बोट घालून बसणार, असा तो बेत होता. पण तेथील वकिलांनी १९८२ साली एक समिती काढली, माणसे गल्लोगल्ली फिरवली, रस्त्यांच्या आणि पदपथांच्या दोषांचे नकाशे तयार केले आणि ते शहराच्या हाती ठेवले! कायद्याची पळवाट कायद्यानेच बुजली.

हेच काम जोयड्याच्या प्रत्येक पंचायतीत का होऊ नये? चार तरुणांनी एक दिवस काढावा. किलोमीटरच्या दगडापासून अंतर, खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली, तारखेसह छायाचित्र, एवढी नोंद करावी. ग्रामसभेत ती वाचावी, ठराव करावा, आणि यादी संबंधित खात्याला देऊन शिक्क्यानिशी पोच घ्यावी. रस्ता कोणाचा, कंत्राटदार कोण, दुरुस्तीची मुदत कोठवर, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची पाच वर्षे देखभाल करणे त्याच कंत्राटदारावर बंधनकारक असते, हे किती गावांना ठाऊक आहे? पुढे अपघात झालाच तर गाडी हलवण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, दोन साक्षीदारांची नावे लिहून ठेवावीत, कोणाला इजा झाली असल्यास पोलिसांत नोंद करावी, दुरुस्तीचे पक्के बिल जपावे, आणि बुडालेल्या मजुरीसह भरपाईचा अर्ज करावा. सरकारवर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमाप्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हेही विसरू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो.

आणि हा अर्ज मराठीत लिहावा. कोणी कारकून ‘कन्नडात आणा’ म्हणून परत करू लागला, तर त्याला घटनेचे ३५० वे कलम दाखवावे. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क त्या कलमाने प्रत्येक माणसाला दिला आहे. उत्तर कोणत्या भाषेत यावे, हे ते सांगत नाही. पण अर्ज भाषेपायी फेकून देण्याची मुभा कोणालाही देत नाही. खड्ड्यात पडताना कोणी भाषा विचारली नव्हती. भरपाई मागताना ती विचारण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

कर्नाटक सरकारकडे आमचे मागणे थोडके आणि स्पष्ट आहे. बंगळूरूत जे तत्त्व लागू झाले ते शेवटच्या वाडीपर्यंत न्यावे. मुंबईच्या धर्तीवर आकडे आणि मुदत ठरवावी. मोडलेल्या गाडीचे नुकसान त्यात धरावे. आणि भरपाईची समिती तालुक्याच्या ठिकाणी बसवावी, म्हणजे पाचशे रुपयांच्या टायरसाठी हजार रुपयांचे हेलपाटे पडणार नाहीत. हे सरकार आपण होऊन करील, अशा भ्रमात आम्ही नाही. म्हणूनच पहिला पावसाळी ढग दिसण्यापूर्वी प्रत्येक गावची खड्ड्यांची यादी सरकारच्या टेबलावर गेली पाहिजे आणि तिची पोच गावच्या दप्तरात आली पाहिजे. त्यानंतर जो खड्डा उरेल तो अज्ञानाचा म्हणता येणार नाही. तो सरकारच्या नावावर चढलेला असेल, आणि त्याची किंमत सरकारलाच मोजावी लागेल!