तिकीट बिझनेस क्लासचं, पण खुर्ची प्रत्येक विमानात वेगळी का?

राळेगणसिद्धीहून अमेरिकेतल्या मुलाकडे निघालेल्या आई-वडिलांचा प्रवास विमानात बसण्याच्या बराच आधी सुरू होतो. वाडेगव्हाणला नगर-पुणे महामार्गाला लागायचं, पुणे गाठायचं आणि तिथून पुढे मुंबई किंवा दिल्ली. आईचे गुडघे दुखतात, पंधरा-सोळा तास बसवणार नाही, म्हणून मुलगा साठवलेल्या पैशांतून बिझनेस क्लासचं तिकीट काढतो. या पैशांत नेमकी कसली खुर्ची मिळणार, हे मात्र तिकिटावर लिहिलेलं नसतं.

कारण 'बिझनेस क्लास' हे भाड्याच्या वर्गाचं नाव आहे. खुर्ची किती मागे जाईल, सपाट पलंग होईल का, हे त्या दिवशी कोणतं विमान उभं आहे यावर ठरतं. आणि काही विमानांत हा वर्ग नसतोच.

पुणे विमानतळाने याची दोन्ही टोकं पाहिली आहेत. २००८ मध्ये लुफ्थान्साने पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली, तेव्हा त्या छोट्या विमानातल्या सगळ्या जागा बिझनेस क्लासच्या होत्या. २३ मार्च २०१७ ला उस्मानाबादचे (आताचं धाराशिव) तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड बिझनेस क्लासचं तिकीट घेऊन पुणे-दिल्ली विमानात बसले. एअर इंडियाच्या त्या विमानात सगळ्या जागा इकॉनॉमीच्या होत्या. दिल्लीत उतरायला त्यांनी नकार दिला आणि कर्मचाऱ्याला चपलेने मारलं. ही मारहाण त्यांनी स्वतःच कॅमेऱ्यासमोर सांगितली. विमान कंपन्यांनी त्यांच्यावर बंदी घातली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'नो-फ्लाय लिस्ट'चे नियम आले. चर्चा चपलेची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. बिझनेस क्लासचं तिकीट आणि बिझनेस क्लास नसलेलं विमान यांची गाठ पडते कशी, हा प्रश्न मात्र बाजूला राहिला.

देशांतर्गत विमानं बहुतेक एकाच मार्गिकेची असतात. एअर इंडियाच्या नव्याने सजवलेल्या ए३२० निओमध्ये बिझनेस क्लासच्या ८ खुर्च्या आहेत. इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर 'स्ट्रेच' आणलं, त्यात १२ आहेत. या खुर्च्या रुंद आहेत, पाय पसरता येतात, पण पलंग होत नाहीत. दोन तासांसाठी ते पुरेसं आहे. गंमत म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये एअर इंडियाने नवं ए३५० विमान आधी देशातच उडवलं. त्यामुळे बेंगळुरू-मुंबई या छोट्या प्रवासात काहींना सरकत्या दाराचं केबिन आणि झोपायला सपाट पलंग मिळाला.

लांबच्या प्रवासात हा फरक चैनीचा राहत नाही. ए३५० मध्ये बिझनेस क्लासची रचना १-२-१ आहे, म्हणजे कोणालाही ओलांडून न जाता थेट मार्गिकेत उतरता येतं. त्याच कंपनीच्या जुन्या ७७७ विमानांत ही रचना २-३-२ होती. मधल्या जागेवरच्या माणसाला रात्री स्वच्छतागृहात जायचं तर झोपलेल्या शेजाऱ्याच्या पायांवरून जावं लागायचं. दुखऱ्या गुडघ्यांना हे कसं जमायचं?

युरोपमार्गे जाणाऱ्यांना आणखी एक धक्का बसतो. मुंबई ते फ्रँकफर्ट पलंग मिळतो, पण तिथून युरोपातल्याच दुसऱ्या शहरात जायचं असेल तर लुफ्थान्सा किंवा ब्रिटिश एअरवेजचा बिझनेस क्लास म्हणजे बहुतेकदा इकॉनॉमीसारखीच खुर्ची, फक्त शेजारची जागा रिकामी ठेवलेली. जेवण बरं, लाउंज मिळतं, खुर्ची तीच.

मग दाद कुठे मागायची? १५ फेब्रुवारी २०२३ पासून डीजीसीएचा नियम लागू आहे. प्रवाशाच्या इच्छेविरुद्ध त्याला खालच्या वर्गात बसवलं, तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय प्रवासात १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३५०० पर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. विमान बदलल्यामुळे वर्ग खाली आला तरी हा हक्क राहतो.

पण या नियमाचा आधार वर्ग आहे. ए३५० दाखवून जुनं विमान आणलं आणि दारवाल्या केबिनऐवजी मधली खुर्ची दिली, तर कागदावर प्रवासी बिझनेस क्लासमध्येच आहे. या ७५ टक्क्यांचा दावा तिथे लागू होत नाही. ग्राहकाचं सगळ्यात जास्त नुकसान नेमकं याच फटीत होतं.

त्यामुळे तिकीट काढताना भाड्याच्या आधी विमानाचा प्रकार आणि जागांचा नकाशा पाहावा. एकाच प्रकारच्या विमानातही जुनी आणि नवी सजावट असते, म्हणून नकाशा जास्त खरा. रांगेत १-२-१ दिसलं तर ठीक. प्रवासाच्या आदल्या दिवशी तो पुन्हा उघडून पाहावा. मांडणी बदललेली दिसली तर तेव्हाच फोन करून मार्गिकेलगतची जागा मागता येते. रात्री दोन वाजता काउंटरवर पोहोचलेल्या आई-वडिलांना हे सगळं कोण समजावून सांगणार? तो फोन मुलानेच करायला हवा.