पोलिसांची परवानगी घेतलीत, शेजाऱ्यांना सांगितलंत का?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या रहिवाशांनो,

९ नोव्हेंबर २०२५ रोजी वांद्र्याच्या कलानगरात ठाकरे कुटुंबाच्या ‘मातोश्री’ या निवासस्थानाजवळ एक ड्रोन फिरताना दिसला. आदित्य ठाकरे यांनी त्याची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली आणि रहिवाशांना आधी का कळवलं नाही, असा प्रश्न विचारला. एमएमआरडीएला लगेच खुलासा करावा लागला, की हे सर्वेक्षण बीकेसीतल्या पॉड टॅक्सी प्रकल्पासाठी होतं आणि त्याला मुंबई पोलिसांची परवानगी होती. कोणता पक्ष, कोणतं राजकारण, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. आम्हाला त्या खुलाशातली उणीव दिसली. विचारलं होतं ‘आम्हाला का सांगितलं नाही’ आणि उत्तर आलं ‘आम्ही पोलिसांना विचारलं होतं’. शिवाय तिथे निदान खुलासा तरी झाला. तोच ड्रोन घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्याच्या बाल्कनीसमोर आला किंवा डोंबिवली पूर्वेच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाईच्या डोक्यावर थांबला, तर खुलासा देणार कोण? तिला सल्ला मिळतो, ‘ताई, पडदा लावून घ्या.’ या सल्ल्याची आता आम्हाला चीड येते. पडदा लावायचा तर तो कॅमेऱ्यावर लावा. आपल्याच घरात उजेड, वारा बंद करून बसण्याची शिक्षा घरातल्यांना कशासाठी?

कायदा काय सांगतो ते आधी समजून घ्या, कारण ड्रोनवाले आणि त्यांना कंटाळलेले रहिवासी, दोघंही अर्धवट ऐकीव माहितीवर भांडत असतात. २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या ड्रोन नियमांप्रमाणे देशाचं आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत विभागलेलं आहे. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, उड्डाणासाठी वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मोकळीक २०० फुटांवर येते. आता १२० मीटर म्हणजे किती, याचा हिशेब करा. मजल्याला तीन मीटर धरले तर चाळीस मजले. डोंबिवली, कल्याणमधलं जवळपास प्रत्येक घर आणि ठाण्यातली बहुतेक घरं या चाळीस मजल्यांच्या आतच येतात. विमानांचा विचार करून आखलेली ही ‘मोकळी’ जागा म्हणजे नेमकी आपल्या खिडक्यांची उंची आहे. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर विमानं होती, धावपट्ट्या होत्या, लष्करी तळ होते. चौथ्या मजल्यावरचं न्हाणीघर नव्हतं.

दुसरी गोष्ट वजनाची. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गणला जातो. तो चालवायला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही, त्याचा विमाही सक्तीचा नाही. दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेसाठी उडवला तर त्यालाही प्रमाणपत्र लागत नाही. म्हणूनच बाजारात मुद्दाम २४९ ग्रॅमचे ड्रोन बनतात आणि त्यांच्यावर घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येईल असा कॅमेरा असतो. नियमात वजनाचा विचार आहे, कॅमेऱ्याचा नाही. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, तरी लग्नसराईत परदेशी बनावटीचे ड्रोन सर्रास उडतात, हे कुठल्याही हळदीला जाऊन बघावं. नोंदणी क्रमांक मात्र नॅनो ड्रोनलाही घ्यावाच लागतो, आणि नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘माझा छोटा आहे, मला काही लागत नाही’ असं कोणी सांगितलं, तर तो एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतो.

मग खासगीपणाचं काय? १ डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या जुन्या नियमावलीत कोणाच्याही खासगीपणाला बाधा येणार नाही, ही जबाबदारी स्पष्ट शब्दांत ड्रोन चालवणाऱ्यावर होती. उद्योगाला मोकळीक देण्याच्या भरात आलेल्या २०२१ च्या नियमांत तसं कलम उरलं नाही. त्याच्या चार वर्षं आधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, पण ते स्त्रीच्या अगदी खासगी क्षणांचं चोरून चित्रण करण्यापुरतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरतं. दोन्ही कलमं आवश्यक आहेत, पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि जिथे लागू होतात तिथे ती लावायलाच हवीत. पण बाल्कनीत अभ्यास करणारी मुलगी, खाटेवर झोपलेले आजोबा, जेवायला बसलेलं कुटुंब, कुलूप लावून गावी गेलेलं घर, यांचं चित्रण या कलमांत बसत नाही. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य बंधनं लागू व्हायला २०२७ उजाडेल, आणि त्यातही वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला सूट आहे. ‘हौस म्हणून काढलं’ म्हणणारा तिथूनही सुटण्याचा प्रयत्न करणार. कायद्यातली ही फट दिल्लीत बुजेल तेव्हा बुजेल. तोवर आपण हातावर हात ठेवून बसायचं का?

आमचं म्हणणं साधं आहे. कॅमेऱ्याचा ड्रोन उडवायचा असेल, तर ज्यांच्या घरांसमोरून तो जाणार त्यांना आधी सांगा. कोण उडवणार, कधी, किती वेळ, कशासाठी आणि चित्रण कोणाकडे राहणार, एवढंच. हे अशक्य आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी गावांकडे बघावं. स्वामित्व योजनेत गावठाणांचं ड्रोनने सर्वेक्षण झालं. ते करताना ग्रामसभा घेऊन लोकांना माहिती दिली जाते, तारीख कळवली जाते, मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात, आणि मग ड्रोन वर जातो. गावकऱ्याला आधी सांगता येतं, मग एमएमआरडीएला, पालिकेला, बिल्डरला, लग्नाच्या छायाचित्रकाराला शहरातल्या माणसाला सांगायला काय होतं? सोसायटीच्या फलकावर एक कागद आणि व्हॉट्सॲप गटावर चार ओळी, एवढाच खर्च आहे.

न सांगता उडवण्याचे परिणाम महाराष्ट्राने पाहिले आहेत. २०२४ च्या जून-जुलैत बीड, जालना, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन दिसू लागले. चोर टेहळणी करताहेत म्हणून गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली. अंतरवाली सराटीत मनोज जरांगे मुक्कामाला असलेल्या घरावर ड्रोन फिरल्याची तक्रार झाली. विषय विधिमंडळात गेला, आणि अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणून पोलीस सांगत राहिले. पण ज्याचा मालक माहीत नाही, अशी वस्तू रोज रात्री घरावर येत असेल तर लोक अफवांवरच विश्वास ठेवणार, दुसरं ठेवायला असतं काय? अफवा कुठवर नेते हे सांगायला १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार केलेली पाच माणसं पुरेशी आहेत. म्हणून ड्रोन उडवणाऱ्या तरुणांनाही आम्ही सांगतो, की पूर्वसूचना हे तुमचं संरक्षण आहे. डोंबिवली पूर्वेच्या चाळीत रात्री दहा वाजता अनोळखी पोरगा हातात रिमोट घेऊन आभाळाकडे बघत उभा असेल, तर चार लोक जमतील, आणि त्यातला एक तरी गरम डोक्याचा निघेल.

आपल्या भागात जोखीम आणखीही आहे. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ मध्ये प्रोबेस आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत झालेले स्फोट आपण विसरलेलो नाही. रासायनिक कारखान्यांच्या भिंतीला भिंत लावून वस्ती असलेल्या जागी बॅटरी पेट घेऊ शकणारं यंत्र हौसेखातर उडवणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. ठाण्यात कोलशेतला हवाई दलाचा तळ आहे, येऊरला राष्ट्रीय उद्यान, खाडीत रोहित पक्ष्यांचं अभयारण्य, ज्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. यांपैकी एकही जागा रील्ससाठी नाही. पहाटेच्या धुक्यातला खाडीचा देखावा सुंदर दिसतो हे मान्य, पण थव्यात ड्रोन घालून तो मिळवणाऱ्याला पक्षीप्रेमी म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.

आता आक्षेपांबद्दल. ‘लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला?’ या प्रश्नाला उत्तर देण्यात आम्ही वेळ घालवणार नाही. विचारणाऱ्याने आपल्या शयनगृहाची खिडकी आठवडाभर उघडी ठेवून दाखवावी. ‘समोरच्या टॉवरमधून दिसतंच की!’ हो, दिसतं, पण समोरच्याला चेहरा आहे, सदनिकेचा क्रमांक आहे, सोसायटीच्या सभेत तो तुमच्या शेजारी बसतो. उद्या त्याने डोळे लावून बघायला सुरुवात केली, तर तुम्ही त्याचं दार वाजवू शकता. ड्रोनचं दार कुठे वाजवायचं? सीसीटीव्हीचंही तेच, तो एका जागी असतो, फलक लावलेला असतो, चित्रण कोणाकडे आहे हे माहीत असतं. दोन पावलं पुढे येऊन तुमच्या खिडकीत तो डोकावत नाही.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे, आणि तो पोटापाण्याचा आहे. कल्याण-डोंबिवलीत, विशेषतः गावठाणांत, हळदी आणि लग्नं मोठ्या थाटात होतात, त्यावर कितीतरी तरुण छायाचित्रकारांचं घर चालतं, आणि आज ड्रोनशिवाय त्यांना ऑर्डर मिळत नाही. फडके रोडची पाडव्याची शोभायात्रा, टेंभीनाक्याची दहीहंडी आणि नवरात्र वरून पाहायला आपल्यालाही आवडतं. बेकायदा बांधकामं शोधायला, आगीच्या वेळी अग्निशमन दलाला, पुराच्या वेळी उल्हास नदीकाठी ड्रोन उपयोगी पडतात. डोंबिवलीतल्या ज्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, त्या उभ्या राहताना कोणी वरून लक्ष ठेवलं असतं तर शेकडो कुटुंबांची फसवणूक टळली असती. आम्ही ड्रोनबंदी मागत नाही. मंडपाच्या हद्दीत, ठरलेल्या वेळेत, गर्दीच्या थेट डोक्यावरून न नेता, शेजारच्या इमारतींना सांगून उडवणाऱ्या पोराला कोणी अडवलं, तर त्याच्या बाजूने आम्ही उभे राहू. अडचण आहे ती चांगला शॉट मिळावा म्हणून शेजारच्या गच्चीवरून, खिडक्यांच्या रांगेसमोरून फेरी मारणाऱ्यांची. आणि ‘तिसाव्या मजल्यावरून असा व्ह्यू दिसेल’ हे गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी शेजारच्या राहत्या इमारतींचं फुकट चित्रण करणाऱ्या बिल्डरांची. त्यांना रोजगाराची ढाल घेता येणार नाही.

तेव्हा कामाला लागा. आकाश आपल्या मालकीचं नाही, पण गच्ची, आवार आणि मैदान आहे, आणि ड्रोन कुठून तरी उडावाच लागतो. सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा बोलवा, पुढच्या सप्टेंबरच्या वार्षिक सभेची वाट पाहू नका. ठराव करा, की गच्चीवरून किंवा आवारातून ड्रोन उडवायचा तर समितीला दोन दिवस आधी लेखी कळवायचं, त्यात नोंदणी क्रमांक, वेळ, कारण आणि चालवणाऱ्याचा संपर्क द्यायचा, आणि समितीने ते फलकावर लावायचं. लग्नघरांनी छायाचित्रकाराशी बोलणी करतानाच ही अट घालावी, सभागृहवाल्यांनी भाड्याच्या पावतीवर छापावी. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरच्या ड्रोन नकाशावर आपला विभाग कोणत्या पट्ट्यात येतो हे सचिवांनी एकदा बघून ठेवावं. पोलिसांचा मनाई आदेश असेल तर तोही, कारण सण आणि मोठ्या दौऱ्यांच्या वेळी असे आदेश निघतात.

अनोळखी ड्रोन दिसला तर दगड मारू नका, गलोल घेऊ नका. तो खाली पडून कोणाचं डोकं फुटलं तर आरोपी तुम्ही व्हाल. मोबाइलवर चित्रण करा, वेळ लिहा, तो कुठून आला आणि कुठे उतरला ते बघा, चालवणारा सापडला तर नोंदणी क्रमांक विचारा. अंगावर जाऊ नका. मग ११२ वर फोन करा किंवा थेट मानपाडा, रामनगर, विष्णुनगर, खडकपाडा, कापूरबावडी, कासारवडवली, जे आपलं पोलीस ठाणं असेल तिथे लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. चित्रण समाजमाध्यमावर आलं असेल तर १९३० हा सायबर मदत क्रमांक आहे. ‘यात काही होत नाही’ असं ठाणे अंमलदार म्हणाले, तरी अर्ज द्याच. डीजेच्या भिंतींविरुद्ध अर्ज देतानाही हेच ऐकवलं गेलं होतं, आणि तरी आमचे कार्यकर्ते पाठपुरावा करत राहिले होते. घरात बसून गटावर अंगठे पाठवणाऱ्यांनी या वेळी निदान एक सही करावी.

पालिकांची निवडणूक आली, की प्रचारफेऱ्यांवर ड्रोन फिरणार, कार्यसम्राटांच्या चित्रफितींत आपल्या गच्च्या आणि बाल्कन्या दिसणार. मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला दोन प्रश्न विचारा. तुमचा ड्रोन आमच्या इमारतीसमोरून जाणार असेल तर आधी कळवाल का? आणि निवडून आलात तर ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या प्रत्येक ड्रोन सर्वेक्षणाआधी प्रभागात जाहीर सूचना लावण्याचा ठराव मांडाल का? उत्तर त्यांच्या सहीनिशी कागदावर घ्या. सोसायटीचा ठराव आणि उमेदवाराचा कागद, दोन्हींच्या प्रती आपल्या पोलीस ठाण्यात आणि प्रभाग कार्यालयात द्या. तिसरी प्रत शेजारच्या सोसायटीच्या सचिवांच्या हातात ठेवा, म्हणजे त्यांनाही नमुना आयता मिळेल.