अंदाज त्यांचा, कात्री आमच्यावर

डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवर काम करताना एक वाक्य आमच्या कानांना पाठ झाले आहे: "अजून ग्रँट आलेली नाही." वसतिगृहात जागा न मिळालेल्या पोराचा भत्ता अडला, तर ग्रँट नाही. गरोदर बाईच्या अमृत आहाराचे बिल थकले, तर ग्रँट नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाने विचारले, तरी तेच उत्तर. जणू ग्रँट म्हणजे पाऊस आहे, आला तर आला!

आम्ही ठामपणे सांगतो, हा पाऊस नाही. ग्रँट कोणाला पोचवायची आणि कोणाची अडवायची, हे मंत्रालयात माणसे ठरवतात.

पहिला प्रश्न, राज्याची तिजोरी भरतो कोण? "आम्ही टॅक्स भरतो आणि हे फुकट खातात" असे टोमणे आपल्या समाजाला रोज ऐकावे लागतात. पण राज्याच्या कर उत्पन्नात सर्वांत मोठा वाटा जीएसटीचा आहे. तलासरीच्या पाड्यावरची बाई मोबाइलचे रिचार्ज मारते तेव्हा १८ टक्के जीएसटी भरते, त्यातला निम्मा राज्याला जातो. मलबार हिलचा शेठही त्याच दराने भरतो. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना हीच विषमता दाखवली होती. प्राप्तिकराला किमान मर्यादा आहे, पण शेतसारा मात्र लहानातल्या लहान शेतकऱ्यालाही चुकत नाही! शंभर वर्षे होत आली. कराचे नाव बदलले, न्याय बदलला नाही.

दुसरा प्रश्न, पैसा खरोखर कमी पडतो का? २०२४-२५ साठी महसुली जमेचा अंदाज ४,९९,४६३ कोटी रुपये होता. पुढच्या मार्चमध्ये तोच आकडा सुधारून ५,३६,४६३ कोटी केला गेला. म्हणजे अंदाजापेक्षा ३७,००० कोटी जास्त! जमा वाढते तेव्हा आपल्याला कोणी सांगत नाही. तूट दिसली की पहिली कात्री मात्र आपल्यावर चालते.

आता २०२५-२६ चा अर्थसंकल्प पाहा. कार्यक्रम खर्च २,५४,५६० कोटी. त्यात अनुसूचित जाती घटक कार्यक्रमाला २२,६५८ कोटी आणि आदिवासी घटक कार्यक्रमाला २१,४९५ कोटी. "४२ टक्के वाढ, ४० टक्के वाढ" असा गाजावाजा झाला. पण २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जाती ११.८ टक्के आणि जमाती ९.३५ टक्के आहेत. लोकसंख्येच्या प्रमाणात हिशेब केला तर दोन्ही मिळून सुमारे ९,७०० कोटी सुरुवातीलाच कमी पडतात. हा तर फक्त कागदावरचा अंदाज!

पुढचे तर उघड उघड झाले. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी वळवले गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्र्यालाच स्वतःच्या खात्याचा पैसा वाचवता येत नसेल, तर पाड्यावरच्या माणसाने कोणाकडे पाहायचे?

सरकारचे उत्तर तयार आहे: या योजनेत दलित-आदिवासी बहिणीही आहेत. आहेतच! त्यांच्या दीड हजाराला आमचा विरोध नाही. पण त्या या राज्याच्या नागरिक आहेत. सर्वांसाठीच्या योजनेचा पैसा त्यांनाही सर्वांच्याच तिजोरीतून मिळाला पाहिजे. घटक कार्यक्रमाचा पैसा त्या हक्काच्या वरचा आहे. शतकांची दरी भरण्यासाठी तो वेगळा काढलेला आहे. तो वळवू नये आणि व्यपगत होऊ देऊ नये, असे नियोजन आयोगाने लिहून ठेवले होते. आईला दीड हजार द्यायचे आणि तिच्या पोराचा वसतिगृह भत्ता त्यासाठी कापायचा, याला कल्याण म्हणायचे का?

आणि याच डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदर होते आहे. अंदाजित खर्च ७६,२२० कोटी, त्यात राज्याच्या मेरिटाइम बोर्डाचा वाटा २६ टक्के. त्या बंदराच्या बाबतीत "ग्रँट आली नाही" असे कोणी म्हटल्याचे तुम्ही ऐकले आहे का?

मित्रांनो, थोडे आपल्याकडेही बघू. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण लाखोंनी जमतो. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जातो तेव्हा आपण कुठे असतो? बाबासाहेबांनी प्रांतिक अर्थव्यवस्थेवर अख्खा प्रबंध लिहिला. त्यांचे अनुयायी म्हणवणारे आपण अर्थसंकल्पाचे पुस्तक उघडूनही पाहत नाही. त्यात तीन रकाने असतात: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. भाषण पहिल्या रकान्याचे होते, टाळ्याही त्यालाच पडतात. चोरी पुढच्या दोन रकान्यांत कळते. प्रत्यक्ष खर्चाचा आकडा येईपर्यंत दोन वर्षे उलटतात आणि तोवर त्या पोराने कॉलेज सोडलेले असते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, घटक कार्यक्रमांच्या निधीला कायद्याचे संरक्षण द्या. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने असे कायदे २०१३ मध्येच केले. पण पळवाट ठेवू नका. कर्नाटकच्या कायद्यात निधी दुसरीकडे वळवू देणारे ७ड कलम होते, ते काढायला २०२३ उजाडले. दोन, मंजूर किती, मिळाले किती आणि खर्च किती, हे दर तीन महिन्यांनी तालुकावार जाहीर करा. तीन, डहाणू-तलासरी पाचव्या अनुसूचीत आहेत. इथल्या प्रत्येक पेसा ग्रामसभेत हा हिशेब मराठीत वाचून दाखवा.

१९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांनी ठरवले होते की वेठ करायची नाही. आज आपल्या नावाचा पैसा दुसऱ्याच्या मतांसाठी राबतो आहे. हीसुद्धा वेठच आहे, आणि तीही नाकारावी लागेल. दलित आणि आदिवासींनी वेगवेगळे रडून भागणार नाही. कात्री एकच आहे, लढाही एकच हवा. येत्या मार्चमध्ये आपल्या गावात पाच जण बसा आणि ते तीन रकाने एकत्र वाचा.

जय भीम! जोहार!