उभे जंगल आणि मातीतला कर्ब



अलीकडे चावडीवर आणि आठवडी बाजारात 'कार्बन' हा शब्द वारंवार कानी येतो. झाडे लावा, कार्बनचे पैसे मिळतील, असे सांगणारी माणसेही गावोगाव हिंडू लागली आहेत. तेव्हा हा कार्बन म्हणजे काय, तो जंगलात कसा साठतो आणि आपल्या डोंगराशी व शेताशी त्याचा काय संबंध, ते आज पाहू.

कार्बन म्हणजे आपला कर्ब. चुलीतला कोळसा म्हणजे बहुतांश कर्बच. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर 'सेंद्रिय कर्ब' लिहितात, तोही हाच. हवेत तो कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपात असतो. झाडाचे पान हा वायू ओढून घेते, मुळांनी आणलेल्या पाण्याशी उन्हाच्या बळावर त्याचा मेळ घालते आणि साखर तयार करते. त्या साखरेचेच पुढे लाकूड, साल, मूळ आणि पाला होतो. झाड मातीतून वाढते असे आपण म्हणतो, पण लाकडाचा बहुतेक भार हवेतून आलेला असतो.

याचा हिशेब सोपा आहे. पूर्ण वाळलेल्या १ क्विंटल लाकडात सुमारे ४७ किलो कर्ब असतो. तेवढा साठविण्यासाठी झाडाने हवेतून सुमारे १७२ किलो वायू घेतलेला असतो. ट्रॅक्टरमध्ये १ लिटर डिझेल जळाले, की सुमारे २.७ किलो वायू हवेत जातो. म्हणजे ६४ लिटर डिझेलचा धूर १ क्विंटल लाकडात बंद झाला. ते लाकूड जाळले, की तो सगळा परत हवेत!

कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर १० लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हा वायू जमिनीची उष्णता अडवून धरतो. त्यामुळे हवामान तापत आहे आणि त्याची झळ कोरडवाहू शेतीला आधी लागते.

आपल्या दारचा साठा

मराठवाड्यात जंगल फार थोडे उरले आहे. त्यातला मोठा तुकडा आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे, तो म्हणजे कन्नड आणि चाळीसगावच्या मधला गौताळा औट्रमघाट. १९८६ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. हे पानझडीचे जंगल उन्हाळ्यात ओकेबोके दिसते, म्हणून त्याला कमी लेखू नये. धावडा, खैर, अंजन ही झाडे सावकाश वाढतात, पण त्यांचे लाकूड वजनदार असते. तेवढ्याच आकाराच्या हलक्या लाकडापेक्षा त्यात कर्ब जास्त मावतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील जंगलांत सुमारे ७२० कोटी टन कर्ब साठलेला आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक मातीत आहे. खोड आपल्याला दिसते, पण मोठी ठेव पाचोळ्याखाली असते. पाचोळा कुजतो, मुळे मरतात, त्यांचा काही भाग मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षे राहतो. अशी माती पाणी धरून ठेवते. ते पाणी हळूहळू खाली उतरते आणि पायथ्याच्या विहिरींना त्याचा आधार मिळतो.

म्हणूनच उभे जंगल तोडून नवी रोपे लावली, तर हिशेब जुळत नाही. शंभर वर्षांची ठेव मोडायची आणि पहिल्या हप्त्यापासून नवे खाते उघडायचे, असा तो व्यवहार होतो.

वणव्याचा तोटा

'डोंगर पेटवला की गवत चांगले फुटते,' असे कितीतरी जण सांगतात. राखेमुळे पहिली फूट हिरवीगार दिसते, हे खरे. पण पाचोळा जळतो, त्यातला नत्र धुराबरोबर उडून जातो, हाताएवढी रोपे मरतात आणि उघड्या जमिनीवरून पहिल्याच वळवाने माती वाहून जाते. दरवर्षी वणवा लागला, तर म्हाताऱ्या झाडांची जागा घ्यायला तरणे झाडच उरत नाही. राखीव जंगलात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हाही आहे.

काय करावे?

१) मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखाली आग लावू नये. खराट्याने जागा झाडून घ्यावी. बांध जाळताना ठिणगी डोंगराकडे जाणार नाही, असे पाहावे. खरे तर बांध जाळूच नये.

२) गायरानाचा एक भाग आळीपाळीने तीन-चार वर्षे चराईला बंद ठेवावा. पळस, धावडा, साग यांची जुनी खुंटे जमिनीत जिवंत असतात, राखण केली की ती आपोआप फुटतात. रोपे विकत घ्यावी लागत नाहीत. हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून आपला डोंगर हिरवा केला, हे आपण जाणताच. गवत कापून न्यायला मात्र मोकळीक ठेवावी, नाहीतर गुरे असलेल्या घरांवर अन्याय होईल.

३) भगिनींनो, सरपणाची मोळी तुमच्याच डोक्यावर येते. शेणाचा गोबरगॅस, सुधारित चूल, तुरीच्या आणि कपाशीच्या काड्या यांनी जंगलावरचा भार हलका होतो आणि तुमच्या डोळ्यांचा धूरही कमी होतो.

४) शेतातही हाच नियम आहे. एक एकरातील वरच्या सहा इंच मातीचे वजन सुमारे ९ लाख किलो भरते. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के असेल, तर एकरी साडेचार टन कर्ब झाला. त्याखाली आकडा गेला, की जमीन कर्बाने गरीब समजावी. धसकटे, पाचट जाळू नये, ते कुजवावे.

कर्बाचे पैसे

कार्बनच्या पैशाचा करार घेऊन कोणी आले, तर घाईने अंगठा किंवा सही देऊ नये. करार किती वर्षांचा आहे? मोजणीचा खर्च कोणाचा? दुष्काळात झाडे वाळली तर जबाबदारी कोणाची? मध्येच विहीर काढायची किंवा जमीन विकायची झाली तर काय? एवढे चार प्रश्न लेखी उत्तरासह विचारावेत आणि कागद मराठीत मागावा. अशा योजनांत साधारणपणे नव्याने वाढलेल्या कर्बाचेच पैसे धरतात, बांधावरच्या जुन्या आंब्याचे नव्हे. सरकारी जंगलातला कर्ब तर कोणा एकाला विकता येत नाही. मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाला आहे, त्यांना जंगल राखण्याचा व त्याची व्यवस्था पाहण्याचा अधिकार आहे. तेथे निर्णय ग्रामसभेतच व्हावा.

पैसे येतील तेव्हा येतील. पाचोळ्याखाली मुरलेले पाणी आणि बांधाखाली टिकलेली माती हे उत्पन्न मात्र रोखीचे आहे. येत्या ग्रामसभेत वणवाबंदीचा विषय पत्रिकेवर घ्या आणि जाळरेषा काढण्याची तारीख शिमग्याच्या आधीची ठरवा.