वाहिनी हवी, पण हिशेबासह

९ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे पुण्यासह पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण परिसर अंधारात बुडाला. धुके आणि दव यांमुळे महापारेषणच्या लोणीकंद व चाकण येथील ४०० केव्ही उपकेंद्रांच्या अतिउच्चदाब वाहिन्या बंद पडल्या होत्या. वीज उपलब्ध होती. ती येण्याची वाट तुटली होती. या औद्योगिक पट्ट्यासाठी नवी अतिउच्चदाब वाहिनी हवी काय, या प्रश्नाचा विचार येथूनच सुरू व्हावयास हवा.

२००६ साली दुखणे निराळे होते. तेव्हा राज्यात वीजनिर्मितीच अपुरी होती. भारनियमनाने पुणेकर त्रस्त झाले असता येथील उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालवून वीज वाचवली, वीज नियामक आयोगाने त्यास संमती दिली आणि वाढीव खर्चाचा भार ग्राहकांनी उचलला. समाजाने सरकारकडे केवळ हात न पसरता संकटातून मार्ग काढता येतो, याचा तो वस्तुपाठ होता. परंतु वाहिन्या आणि उपकेंद्रे उद्योजकांना आपल्या आवारात उभारता येत नाहीत. तो भार शासनानेच उचलावयाचा आहे.

मात्र मागणी वाढली, एवढ्या घोषणेवर विसंबून कोट्यवधी रुपये खर्ची घालणे योग्य नव्हे. कारखान्यांच्या मंजूर भाराची बेरीज म्हणजे प्रत्यक्ष मागणी नव्हे. सारी यंत्रे एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालत नाहीत. खरी कसोटी दुहेरी आहे. उन्हाळ्यातील कमाल मागणीच्या वेळी विद्यमान वाहिन्यांवर किती भार असतो? आणि त्यांतील एक बंद पडली, तर उरलेल्या तो पेलतात काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर नवी वाहिनी अपरिहार्य ठरते. तिचा लाभही मोठा आहे. तारा त्याच आणि वीजही तेवढीच असेल, तर २२० ऐवजी ४०० केव्ही दाबाने वहनातील गळती सुमारे ३० टक्क्यांवर येते. तरीही जुन्या मनोऱ्यांवर अधिक क्षमतेच्या तारा चढवून काम भागते काय, हे आधी तपासलेच पाहिजे.

कारण या वाहिनीचे मोल इतरही मोजणार आहेत. पारेषणाचा खर्च राज्यभरातील वीज वितरण कंपन्यांमध्ये विभागला जातो; म्हणजे चाकणच्या वाहिनीचा वाटा गडचिरोलीच्या ग्राहकाच्या देयकातही उतरतो. खेड-मावळच्या शेतकऱ्याच्या रानात मनोरा उभा राहिला, की जमीन नावावर राहते, पण तारांखाली घर बांधता येत नाही. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनोऱ्याखालील जमिनीसाठी मूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदला सुचवला आहे. तो खांब रोवण्यापूर्वी हाती पडावा. पोलीस बंदोबस्तात मोजणी आणि वर्षानुवर्षे हेलपाटे, असे घडता कामा नये.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी विकासाचे माप शेवटच्या माणसापाशी लावावयास शिकवले. चाकणचा कारखाना आणि त्याच्या कुंपणाबाहेरचा शेतकरी हे एकाच समाजपुरुषाचे अवयव आहेत. महापारेषणने भाराचे आकडे, पर्याय आणि मार्गाचा नकाशा गावसभेत मराठीतून मांडावा. गरज सिद्ध झाली, तर राष्ट्रकार्य म्हणून ग्रामस्थांनीही वाट द्यावी. त्याआधी त्यांच्यावर त्यागाची सक्ती करण्याचा अधिकार कोणालाही नाही.