गोळी नोंदणीनंतर नको, उसाला जाण्याआधी द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

आधीच्या निवेदनांची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता सगळ्यांदेखत लिहिते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत न्यूरल ट्यूबचा, म्हणजे गर्भात मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात तिचा, दोष 2013 पासून पहिल्या क्रमांकावर आहे. तरी आमच्या तांड्यांवर आईला एकच सांगितलं जातं, ‘डोक्यात दोष आहे, जगणार नाही.’ या दोषाच्या ॲनेन्सेफाली या प्रकारात हे खरं आहे. कवटीचा वरचा भाग आणि मेंदूचा मोठा हिस्सा तयारच होत नाही; बाळ मृत जन्मतं किंवा काही तासांत, दिवसांत जातं. एन्सेफॅलोसील या दुसऱ्या प्रकारात कवटीला फट राहून पिशवी बाहेर येते, बऱ्याचदा डोक्याच्या मागे. तिच्यात नुसतं पाणी आणि आवरण असेल, तर शस्त्रक्रियेनंतर मूल चांगलं वाढू शकतं. मेंदूचा भाग असेल, तर धोका वाढतो. शिरूर कासार तालुक्यात एका आजीने अशी लिंबाएवढी पिशवी ओल्या फडक्याने झाकली होती. बाळ दूध पीत होतं. घरच्यांना ‘नेऊन उपयोग नाही’ म्हणून परत पाठवलं होतं.

माझी मुख्य तक्रार बाळ जन्मण्याआधीची, दोष टाळण्याबद्दलची आहे. न्यूरल ट्यूब गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकल्याचं नुकतंच कळलेलं असतं. म्हणून हा दोष टाळायला गर्भधारणेआधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड द्यावं, हे तुमच्याच कागदांत आहे. हाती मात्र गोळी पडते ती गरोदर म्हणून नाव नोंदवल्यावर. आमच्याकडे लग्नं उन्हाळ्यात लागतात, दसरा-दिवाळीत कोयता, म्हणजे ऊसतोडीचं जोडपं, साखर कारखान्याला जातो, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परततो. तिथे फडाजवळच्या कोपीवर, झोपडीवर, नोंदणी कोण करणार?

ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमाची गोळी आठवड्याला एक, तिच्यात फॉलिक ॲसिड 500 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याच्या गोळीत 2800 सांगते. आधी न्यूरल ट्यूबचा दोष असलेलं बाळ झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यावर दोष 72 टक्क्यांनी घटले, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 1991 मध्ये दाखवलं. अमेरिकेने 1998 पासून पिठात फॉलिक ॲसिड सक्तीचं केलं. गोळीने सगळे दोष टळत नाहीत. पण जे टळू शकतात, तेही तुमचं खातं टाळत नाही.

आशाताईंच्या वहीत नवी जोडपी असतात. गाडी उसाला निघण्याआधी त्यांना हंगामभराच्या गोळ्या द्या. असं बाळ झालेल्या आईला पुढच्या खेपेआधी डॉक्टरांकरवी मोठा डोस द्या. एन्सेफॅलोसीलचं बाळ मेंदूच्या शल्यविशारदाने पाहिल्याशिवाय घरी धाडू नका.

या दसऱ्याआधी गोळ्या पोचल्या नाहीत, तर पुढे जन्मणाऱ्या अशा प्रत्येक बाळाचा जाब तुमच्या खात्याला द्यावा लागेल.

एक निवृत्त आरोग्यसेविका, बीड जिल्हा